ऱ्हाईनकाठची सावड



पावसाने जरा उघडीप दिली की दरवर्षी आपल्या गावात कृषी महाविद्यालयाची मुले-मुली मुक्कामाला येतात. शाळेच्या अंगणात रंगीत रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. ओढा निळा, शिवार हिरवे, मारुतीचे देऊळ शेंदरी. मग कुणाच्या ओट्यावर बीजप्रक्रिया दाखवतात, कुणाच्या रानातून मातीचा नमुना घेतात, निंबोळी अर्क कसा गाळायचा ते सांगतात. त्यांना आपण कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतो. पहिल्या आठवड्यात त्यांना वैरण कापता येत नाही म्हणून पोरेटोरे हसतात, आणि निरोपाच्या दिवशी तीच पोरे एस. टी. स्टँडवर जाऊन उभी राहतात. विद्यापीठाच्या कागदावर याला 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' असे भारदस्त नाव आहे. पुस्तकातले ज्ञान दुसऱ्याच्या रानात जाऊन तपासून पाहायचे, एवढाच त्याचा अर्थ.

हेच काम देशाची वेस ओलांडून केले की त्याला आंतरराष्ट्रीय इंटर्नशिप म्हणतात. आपल्या भाषेत त्याला जुना, चांगला शब्द आहे : उमेदवारी. (निवडणुकीची नव्हे, बरे का! सुताराच्या, वैद्याच्या हाताखाली राहून करायची ती.) आता आपली मुले-मुली राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथे शिकतात, गावोगावच्या खाजगी कृषी महाविद्यालयांत शिकतात. सुट्टीत घरी आली की हळूच विषय काढतात : "आबा, परदेशात चार महिन्यांची इंटर्नशिप असते म्हणे." आबा विचारतात, "पैसे किती?" आई विचारते, "एकटी राहशील कुठे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे घरबसल्या मिळत नाहीत. म्हणून आज तुम्हांला एका अशा गावी घेऊन जातो, जिथे शेतीचे विद्यार्थी जगभर उमेदवारीला पाठवणे आणि जगभरचे विद्यार्थी आपल्याकडे घेणे हा शंभर वर्षांचा रिवाज आहे. गावाचे नाव वाखेनिंगेन, देश नेदरलँड्स, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो तो. लिहिताना ते 'वागेनिंगेन' लिहितात. बोलताना मधला 'ग' घशातून असा खरखरीत काढतात, की ऐकणाऱ्याला वाटावे माणसाला सर्दी झाली आहे.

मुंबईहून विमान नऊ-दहा तासांत ॲम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर उतरते. उतरते म्हणजे खरेच उतरते. हा विमानतळ समुद्राच्या पातळीपेक्षा तीन-एक मीटर खाली आहे. पूर्वी तेथे एक भले मोठे सरोवर होते. वाफेच्या पंपांनी पाणी उपसून १८५२ साली त्यांनी ते कोरडे केले आणि तळाची जमीन लागवडीखाली आणली. आपण विहिरीतून पाणी वर काढून रानाला देतो, हे लोक रानातून पाणी काढून कालव्यात टाकतात. या देशाची सुमारे एक चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. आपले पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढी जमीन होते, जवळपास तेवढीच जमीन या सबंध देशाला आहे. आणि तरी शेतमालाच्या निर्यातीत त्याची गणना जगातल्या पहिल्या चार-पाच देशांत होते.

विमानतळाच्या खालूनच आगगाडी सुटते. उत्रेख्त शहर मागे टाकून तासाभराने एडे-वाखेनिंगेन नावाच्या स्टेशनवर उतरायचे. नावात वाखेनिंगेन असले तरी गाव अजून पुढे आहे. गावाला स्वतःचे रेल्वे स्टेशन नाही, बस पकडावी लागते. वाटेत सपाट हिरवी कुरणे दिसतात आणि त्यांत काळ्या-पांढऱ्या गाई. या गाई तुम्हांला अगदी ओळखीच्या वाटतील, कारण आपल्या गोठ्यातल्या 'एच.एफ.'चे हे माहेर आहे. होल्स्टीन फ्रिजियन यातले फ्रिजियन म्हणजे याच देशाच्या उत्तरेकडचा फ्रीसलँड प्रांत. फरक एवढाच की तिथे गाईला ऊन लागत नाही, म्हणून तिला धाप लागत नाही.

गाव लहान. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास आणि विद्यापीठात विद्यार्थी बारा-तेरा हजार. म्हणजे रस्त्यात भेटणाऱ्या माणसांत दर तीन-चार जणांमागे एक विद्यार्थी, आणि तोही इथिओपियाचा, चीनचा, मेक्सिकोचा किंवा आपल्याकडचा. शंभराहून अधिक देशांची मुले इथे आहेत. मध्यभागी मोठे चर्च, चर्चच्या भोवती बाजार. चीज, मासे, फुले, बटाटे यांच्या पाली लागतात आणि घासाघीस मात्र कुणी करत नाही. जवळच एक हॉटेल आहे, 'दे वेरेल्ट'. वेरेल्ट म्हणजे जग. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, ५ मे १९४५ रोजी, या देशातल्या जर्मन फौजांच्या शरणागतीची बोलणी कॅनडाच्या सेनापतीशी याच हॉटेलात झाली. दरवर्षी ५ मे हा त्यांचा मुक्तिदिन असतो आणि त्या दिवशी गाव माणसांनी फुलून जाते.

गावाच्या दक्षिणेला ऱ्हाईन नदीचा फाटा वाहतो. नदीकाठी गाळाची चिकण जमीन, पूर्वेला टेकडीवर वाळूची हलकी जमीन, पश्चिमेला सखल ओलसर पट्टा. सायकलवर अर्धा तास फिरले की तीन जातींच्या जमिनी पाहून होतात. १८७६ साली सरकारने येथे शेतीशाळा चालू केली, ती १९१८ मध्ये उच्च शिक्षणाच्या दर्जाला चढली. शेती शिकवायची तर शाळेच्या दाराशी निरनिराळ्या माती असाव्यात, हे त्या लोकांना कळले होते.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. त्या काळी इथून शिकून निघालेली मुले जावा-सुमात्राच्या मळ्यांवर आणि जंगलखात्यात नोकरीला जात. तेव्हा इंडोनेशिया डचांच्या ताब्यात होता. परमुलखात जाऊन शेती पाहण्याची त्यांची सवय ही अशी, राज्य करण्याच्या गरजेतून लागली. डच आपल्याकडेही आले होतेच. वेंगुर्ल्याला त्यांच्या सतराव्या शतकातल्या वखारीचे पडके अवशेष आजही उभे आहेत. राज्य गेले, सवय उरली. आता तीच मुले मालक म्हणून जात नाहीत, शिकाऊ म्हणून जातात. हा बदल मला मोठा वाटतो.

विद्यापीठाचे आवार गावाच्या उत्तरेला आहे. इमारती एकीपेक्षा एक विचित्र. एक चौकोनी किल्ल्यासारखी, तिच्यात ग्रंथालय. दुसरी बाहेरून काँक्रीटच्या जाळीत गुंडाळलेली. पण तुम्ही तिथे वेळ घालवू नका, थेट मातीच्या संग्रहालयात चला. होय, मातीचे संग्रहालय! जगाच्या पाठीवरून जमिनीचे उभे काप काढून आणले आहेत. आपण विहीर खणताना कडेला जसे थर दिसतात, मुरूम, पांढरी, चुनखडी, तसा माणूसभर उंचीचा काप जसाच्या तसा चिकटवून भिंतीला लावलेला. असे हजारावर काप त्यांच्या संग्रहात आहेत. आपली काळी कापसाची जमीन शास्त्रज्ञांच्या यादीत 'व्हर्टिसॉल' या नावाने आहे. लॅटिन भाषेतल्या 'उलटणे' या शब्दावरून ते नाव पडले. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती भेगांत जाते, पावसात जमीन फुगते आणि खालचे वर येते. जमीन आपली आपणच नांगरली जाते, हे आपल्या आजोबांना ठाऊक होतेच. जगाच्या यादीत तिला नाव आहे हे पाहून मात्र उगाच बरे वाटते.

आवाराला लागूनच सेंद्रिय शेतीचे प्रयोगक्षेत्र आहे. तिथे एकाच शेतात पट्ट्या-पट्ट्यांनी वेगवेगळी पिके घेतात : कोबीची पट्टी, गव्हाची, बटाट्याची. रोग एका पट्टीतून दुसरीत लवकर जात नाही आणि मित्रकीटक वाढतात, हे ते मोजून पाहत आहेत. तुम्ही म्हणाल, ही तर आपली पट्टापेर! तूर-सोयाबीनची. अगदी बरोबर. आणि इथेच आपल्या विषयाची गाठ आहे, म्हणून ती लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे यायचे आहे.

आता उमेदवारीचे पाहू. येथील एम.एस्सी. दोन वर्षांची. एकूण श्रेयांक १२०. त्यांतले ३६ प्रबंधाला आणि बहुतेक अभ्यासक्रमांत २४ श्रेयांक उमेदवारीला. २४ श्रेयांक म्हणजे चार महिने पूर्णवेळ काम. म्हणजे शिक्षणाचा पाचवा हिस्सा वर्गाबाहेर. डच भाषेत याला 'स्टाज' म्हणतात. विद्यार्थी देशातच कुठे जाईल, नाहीतर केनियाच्या दुग्धसंघात, व्हिएतनामच्या भातखाचरात, कुठेही. निघण्यापूर्वी एक करार होतो आणि त्यावर तीन सह्या असतात : विद्यार्थ्याची, विद्यापीठाची आणि जो ठेवून घेणार त्या यजमानाची. करारात काय शिकणार, कोण शिकवणार, किती तास, राहण्याचे काय, आजारी पडल्यास काय, हे आधी लिहिलेले असते. परतल्यावर विद्यार्थी अहवाल देतो, आपण काय शिकलो आणि कुठे कमी पडलो हे लिहितो, आणि यजमानही त्याच्या कामाचे मूल्यमापन करतो. म्हणजे नुसते फिरून, फोटो काढून आलो असे चालत नाही.

हा तीन सह्यांचा कागद ध्यानात ठेवा. पुढे फसवणुकीचा विषय निघेल तेव्हा तोच आपल्या कामी येणार आहे.

अशा जागा सापडतात कशा? तुम्हांला वाटेल, मोठी कचेरी असेल, यादी भिंतीला लावत असतील. कचेरी आहे, याद्याही आहेत. पण खऱ्या जागा येतात त्या माणसांच्या ओळखीतून. कुणा प्राध्यापकाने दहा वर्षांपूर्वी ज्याच्याबरोबर काम केले तो आता पेरूमध्ये संशोधन केंद्राचा प्रमुख आहे. त्याला पत्र जाते. मागच्या वर्षी गेलेली मुलगी आपला अहवाल ठेवून जाते. त्यात लिहिलेले असते की यजमान चांगला आहे, पण पावसाळ्यात रस्ता बंद होतो. पुढचा विद्यार्थी तो वाचतो. म्हणजे जागा शोधणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे सापडलेली जागा जतन करणे. गेलेल्या पोराने काम नीट केले, परतल्यावर आभाराचे पत्र टाकले, अहवालाची प्रत यजमानाला पाठवली, की पुढच्या वर्षी ते दार उघडेच असते. एकाने आळस केला की मागच्या पाच जणांची वाट बंद. विहीर एकदा लागली म्हणून कायम पाणी देत नाही. गाळ काढावा लागतो.

आणखी एक रीत आहे. तिला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, म्हणून ती तुम्हांला चटकन कळेल. दोन शेतकऱ्यांकडे एकेक बैल असला तर ते काय करतात? आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. कुठे याला सावड म्हणतात, मराठवाड्यात वारंगुळा म्हणतात. पैशाचा व्यवहार नाही, दिवसाला दिवस. दुसरे महायुद्ध संपल्यावर युरोपात हीच सावड विद्यार्थ्यांची झाली. १९४८ च्या जानेवारीत लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दहा देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी 'आयेस्टे' नावाची संघटना काढली. तांत्रिक शिक्षणातल्या विद्यार्थ्यांना परदेशात अनुभव मिळवून द्यायचा, हा तिचा हेतू. तीन वर्षांपूर्वीच एकमेकांवर बाँब टाकणारी माणसे ही, आणि आता म्हणू लागली, तुमचा मुलगा आमच्या कारखान्यात ठेवतो, आमचा तुमच्याकडे ठेवा. नियम साधा : जितक्या जागा तुम्ही आणाल तितक्या तुम्हांला मिळतील. आपल्या देशात या संघटनेचे काम कर्नाटकातल्या मणिपाल येथून चालते. तिचा भर अभियांत्रिकी आणि विज्ञान यांवर आहे, म्हणून कृषी अभियांत्रिकी, अन्नप्रक्रिया असे विषय घेतलेल्यांनी तिकडे जरूर चौकशी करावी. युरोपीय देशांची 'इरॅस्मस' योजना १९८७ साली निघाली. पुढे ती युरोपाबाहेरच्या देशांसाठीही खुली झाली आणि आपल्या देशातली विद्यापीठेही तीत भागीदार होऊ शकतात. तिथेही मुले दोन्ही बाजूंनी जातात-येतात.

दोन्ही बाजूंनी, हे महत्त्वाचे. आपल्याकडे नेमके इथेच घोडे अडते. परदेशी इंटर्नशिप म्हटले की आपण फक्त पाठवण्याचा विचार करतो. आपल्याकडे कुणी यावे असे आपल्याजवळ आहे तरी काय, असे म्हणतो. अहो, काय नाही? मघाची पट्टापेर आठवा. ज्याचा ते तिकडे प्रयोग करत आहेत ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रानात उभे आहे. मांजरीला द्राक्षाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सोलापूरला डाळिंबाचे, राजगुरुनगरला कांदा-लसणाचे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचे काजूचे वाण कोकणभर लागले आहेत. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभी केलेली 'बाएफ' आहे. तिने गावोगावच्या गोठ्यांत संकरित वासरे आणली. हिवरे बाजारने पाण्याचा हिशेब मांडून पीक ठरवण्याची शिस्त लावली. ती पाहायला माणसे लांबून येतात. अशा ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला चार महिने राहून शिकण्यासारखे भरपूर आहे. आणि कृषिदूतांना ज्या घरांनी आजवर भाकरी वाढली, त्यांना एखाद्या डच मुलीला वाढायला अवघड जाईल का? तिला फक्त ठेचा जरा बेताने द्यावा.

म्हणून मुलाच्या किंवा मुलीच्या महाविद्यालयात पालकसभेला जाल तेव्हा हा प्रश्न जरूर विचारा : आपल्या विद्यापीठाचा परदेशी विद्यापीठाशी करार आहे का? असला तर त्याखाली गेल्या दोन-तीन वर्षांत कितीजण गेले आणि कितीजण आले? करार पुष्कळ होतात, हार-तुऱ्यांसह फोटो छापून येतात, आणि पुढे फाइल कपाटात राहते. नेमके विचारणारे पालक असले की फाइल हलते. २०१७ नंतरच्या काही वर्षांत जागतिक बँकेच्या साहाय्याने राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्प चालला. त्यात राहुरीला हवामानाला जुळणारी शेती व जलव्यवस्थापन यांचे केंद्र झाले, परभणीला ड्रोन व यंत्रमानवांच्या शेतीचे. त्यांतून विद्यार्थी आणि प्राध्यापक परदेशी प्रशिक्षणाला जाऊन आले. त्या प्रकल्पाची मुदत संपली, पण जाऊन आलेली माणसे आहेत, त्यांच्या ओळखी आहेत. मुलीने आधी त्यांचे दार ठोठवावे. हजारो मैलांवरच्या अनोळखी प्राध्यापकाला लिहिण्यापूर्वी दोन इमारती पलीकडच्या आपल्या प्राध्यापकाला भेटणे सोपे, आणि बहुधा अधिक उपयोगाचे.

आता समजा, तुमचे घर निफाड-दिंडोरीकडे आहे, दोन एकर द्राक्षबाग आहे आणि मुलगी एम.एस्सी.ला आहे. तिने परदेशी पत्र कसे लिहावे? "मी हुशार व मेहनती आहे, आपल्या जगप्रसिद्ध संस्थेत अनुभव घेण्याची संधी द्यावी", अशी पत्रे तिकडे ढिगाने जातात. त्यांना उत्तर येत नाही, आणि येऊही नये. तिच्याजवळ स्वतःची गोष्ट आहे ती तिने लिहावी. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून आपली निर्यातीची द्राक्षे युरोपात अडली होती. बागायतदारांचे त्या वर्षी किती हाल झाले ते नाशिककडच्या माणसाला सांगायला नको. आपली निर्यातीची द्राक्षे आजही मोठ्या प्रमाणात याच देशाच्या रॉटरडॅम बंदरात उतरतात. आणि अन्नातला विषारी अंश तपासणारी त्यांची सरकारी कामाची प्रयोगशाळा वाखेनिंगेनच्याच आवारात आहे. मग मुलीने लिहावे की माझ्या घरची बाग आहे, आम्ही फवारणीची नोंद अशी ठेवतो, तोडणीपूर्वी इतके दिवस थांबतो, तरी अंशाचा प्रश्न येतो तो कुठून येतो हे मला शिकायचे आहे, मला या या तपासणीची पद्धत अवगत आहे, अमुक महिन्यापासून चार महिने मी येऊ शकते, आणि माझे मार्गदर्शक आपल्याशी बोलायला तयार आहेत. एका पानात. असे पत्र वाचणारा थांबतो. विषय कापसाचा असेल, मोसंबीचा असेल, दुधाचा असेल. ज्या रानाची अडचण आपण डोळ्यांनी पाहिली, त्या रानातून निघालेला प्रश्न दुसऱ्या कुणाला सुचत नाही. तरीही वीस पत्रांतून दोन-तीन उत्तरे आली तर पुष्कळ झाले, असे समजून चालावे. बी.एस्सी.च्या मुलांना हे आणखी कठीण जाते. एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणाऱ्याला जागा लवकर मिळते, कारण त्याच्या हाताला काही काम येत असते.

आबांचा प्रश्न राहिला. पैसे. आडपडदा न ठेवता सांगतो. त्या देशात विद्यार्थी उमेदवाराला वेतन द्यावेच असा कायदा नाही. काही यजमान महिन्याला काही शे युरो देतात, काही काहीच देत नाहीत. एक युरो म्हणजे ढोबळ मानाने शंभर रुपये धरा. खोलीचे भाडे चारशे ते सहाशे युरो, आणि खोल्यांची तिथे फार टंचाई आहे. हाताने स्वयंपाक केला तरी जेवणाखाणाला दीड-दोनशे, शिवाय विमा आणि जुनी सायकल. म्हणजे महिना पाऊण लाखाच्या घरात. चार महिने, विमानाचे तिकीट आणि व्हिसा धरून खर्च चार लाखांच्या पुढेच जातो. एवढ्यासाठी जमीन गहाण टाकू नये, सोने मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यापीठाची योजना, यजमानाचे विद्यावेतन किंवा शिष्यवृत्ती यांतून निम्म्याहून अधिक भार उचलला जात असेल तरच पुढे व्हावे. पदवी परदेशात घेणे ही वेगळी गोष्ट, तिचा हिशेब वेगळा. चार महिन्यांच्या उमेदवारीसाठी घर कर्जात घालण्यासारखे त्यात काही नाही. हेच काम मांजरीच्या किंवा राजगुरुनगरच्या केंद्रात केले तर खर्च थोडा येतो आणि पुढल्या वेळी परदेशी पत्रात लिहायला काहीतरी असते.

आणि हो, दलाल. "युरोपात शेतीची इंटर्नशिप, राहणे-खाणे मोफत, फक्त तीन लाख भरा", अशा जाहिराती तालुक्याच्या गावात खांबाखांबावर दिसतात. आता तो तीन सह्यांचा कागद काढा. त्यावर मुलाच्या महाविद्यालयाची सही आहे का? यजमान संस्थेचा पत्ता आणि शिकवणाऱ्याचे नाव आहे का? काय शिकवणार ते लिहिले आहे का? पत्र संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरून आले आहे, की कुठल्याही फुकटच्या खात्यावरून? निवड करण्याबद्दल खरी संस्था पैसे मागत नाही. शिकण्याचे काहीच लिहिलेले नसेल आणि फक्त तास लिहिलेले असतील तर ती इंटर्नशिप नव्हे, मजुरी आहे. मजुरी वाईट नाही. पण मजुरीला जायचे तर मजूर म्हणून परवाना आणि पूर्ण मजुरी घेऊन जावे, विद्यार्थ्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या गोठ्यात फुकट राबू नये. फिरण्याच्या व्हिसावर काम करायला तर कदापि पाठवू नका. त्यातून पकडले गेलेले पोर पुन्हा कधी परदेशाचे तोंड पाहत नाही.

आईच्या प्रश्नाचे उत्तर त्यामानाने सोपे आहे. वाखेनिंगेनला मुली रात्री सायकलवरून एकट्या जातात-येतात. विद्यार्थ्यांच्या वसाहतीत आठ-दहा जणांत एक स्वयंपाकघर असते. प्रत्येकाचा एक कप्पा, आणि भांडी कुणी घासायची यावरून रोज कुरबुर. दुपारी तिकडचे लोक गार पाव आणि चीज खातात, संध्याकाळी सहाला जेवून मोकळे होतात. प्राध्यापकाला नावाने हाक मारतात. आपल्या मुलांच्या तोंडून 'सर' जायला महिना लागतो. प्राध्यापक म्हणाले ते पटले नाही तर तसे सांगावे लागते. गप्प बसणाऱ्याला ते आदब समजत नाहीत, याला काही कळले नाही असे समजतात. आपल्या मुलांना सर्वांत जड जाते ते हेच. त्याखालोखाल हिवाळा. डिसेंबरात सकाळी पावणेनऊला उजाडते, साडेचारला अंधार पडतो, वर भुरभुर पाऊस. घरची आठवण येते ती या दिवसांत. पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्यतो एप्रिल ते ऑगस्ट हे महिने साधावेत. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि शेतात पाहण्यासारखे पीकही तेव्हाच असते. एप्रिलला जायचे तर पत्रे आदल्या वर्षी गणपतीच्या आसपास सुटायला हवीत. करार, परवाना, व्हिसा यांत सहा महिने सहज जातात. पासपोर्ट मात्र आजच काढून ठेवावा. छत्तीस पानांच्या साध्या पासपोर्टला दीड हजार रुपये शुल्क आहे आणि पोलीस चौकशीला घरी कुणीतरी असावे लागते.

सामानाचे सांगून थांबतो. ज्वारी-बाजरीचे पीठ, मसाला, शेंगदाण्याची चटणी, लोणचे न्यायला हरकत नाही. नीट पॅकबंद करावे. परंतु दूध-दुभत्याचे पदार्थ बाहेरच्या देशातून युरोपात नेता येत नाहीत. तेव्हा साजूक तुपाची बरणी घरीच ठेवावी. आंबे आणि कढीपत्ताही नको. घरच्या रानातली माती तपासायला म्हणून पिशवीत टाकू नये, तिला तर सक्त मनाई आहे. बियाणेही परवान्याशिवाय चालत नाही. आजीने प्रेमाने दिलेले पेढे मुंबईच्या विमानतळावर, पोचवायला आलेल्या मंडळींना वाटून टाकावेत.